अग्निवीरला सिलेक्शन झालंय पण १७ व्या वर्षी बाईकची केस झाली होती, व्हेरिफिकेशन फॉर्ममध्ये काय लिहू?

कोरेगावचा_रनर

राम राम मंडळी. इथे वाचतोय खूप दिवस, पोस्ट पहिल्यांदाच टाकतोय, लांबली तर सांभाळून घ्या. मी सातारा जिल्ह्यातला, गाव सांगत नाही कारण निम्मं गाव इथे असेल. अग्निवीर जीडीची (जनरल ड्युटी, म्हणजे फौजेतला साधा सैनिक) ऑनलाईन परीक्षा निघाली, ग्राउंड निघालं, मेडिकल फिट आलं, मेरिट लिस्टला नाव पण आलं. आता कागदपत्रं आणि पोलीस व्हेरिफिकेशन आणि नेमकं इथंच घोडं अडलंय.

२०२२ ला मी अकरावीला होतो, वय सतरा. मामाची स्प्लेंडर घेऊन डेअरीवर दूध घालायला चाललेलो, लायसन अर्थातच नव्हतं, एसटी स्टँडच्या वळणावर सायकलवरचे एक आजोबा आडवे आले, म्हणजे ते आडवे आले का मीच जोरात होतो यावर दोन्ही घरात अजून वाद आहे. त्यांचा हात मनगटात मोडला. दवाखान्याचा सगळा खर्च आम्ही केला पण त्यांच्या जावयानं पोलीस स्टेशनला तक्रार दिली ती दिलीच. मग मला आणि वडिलांना बोलावणं आलं, जबाब झाले, नंतर साताऱ्याला बाल न्याय मंडळात तारखांना जावं लागलं आणि शेवटी तिथल्या मॅडमनी समज देऊन सोडून दिलं. कागद काय मिळाला होता का नाही ते वडिलांना आठवत नाही, घरात शोधलं तर सापडत पण नाही.

दुसरं म्हणजे अठरा पूर्ण झाल्यावरची चलनं. ट्रिपल सीट आणि विना हेल्मेट. काही मोबाईलवरनंच भरली, एक राहून गेलं त्याची कोर्टाची नोटीस आली मग कोर्टात उभं राहून दंड भरला, त्याची पावती आहे. दारूचा काही विषय नाही, घरात सगळे माळकरी.

आता फॉर्ममध्ये विचारलंय कधी अटक झाली का, गुन्हा दाखल आहे का, खटला चालला का, कोर्टानं दंड केला का. गावातले पोलीस पाटील म्हणतात काही लिहू नको, पोरवयातलं कोण उकरून काढतंय. अकॅडमीचे सर म्हणतात लिहिलंस की बाद. वडील म्हणतात कुणाला तरी भेटून मिटवून टाकू. चार तोंडं चार गोष्टी, माझं डोकं चालंना. कुणाला खरं माहिती असेल तर सांगा प्लीज, फॉर्म पुढच्या आठवड्यात द्यायचाय.

बिनधास्त_बंड्या

भावा टेन्शन घेऊ नको. सगळीकडे नाही नाही नाही लिही आणि मोकळा हो. चलन कुणाला नाही सांग बरं, आमच्या पेठेत चलन नसलेला माणूस दाखव अन् बक्षीस घेऊन जा. माझा एक मित्र केंद्राच्या फोर्समध्ये आहे त्याच्यावर गणपतीतल्या भांडणाची एनसी होती, काही लिहिलं नाही, आज मस्त पोस्टिंगवर आहे. लिहून स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतो.

निवृत्त_हवालदार_क्लर्क

बंड्या, तुझ्या मित्राची एनसी होती. एनसी म्हणजे अदखलपात्र, त्यात ना तपास ना चार्जशीट. ते इथे लागू करू नकोस आणि पोराला खड्ड्यात घालू नकोस.

बाळ, मी फौजेत कागदांचंच काम केलंय, बंदूक कमी आणि फाईल जास्त, त्यामुळे हे नीट वाच. पहिलं, भरतीच्या वेळी तू जी उत्तरं देतोस ती सही करून देतोस. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ४४ नुसतं यासाठीच आहे, भरती होताना जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दर वेळी कैद होते असं नाही, बहुतेकांना डिस्चार्ज देऊन घरी पाठवतात, पण गावात परत येऊन तोंड दाखवणं कैदेपेक्षा कमी नसतं.

आमच्या सेंटरला एक पोरगा होता, विदर्भातला, फायरिंगला एक नंबर, पीटीला एक नंबर. ट्रेनिंग संपत आलेलं, कसम परेडची रिहर्सल चालू आणि जिल्ह्यावरनं त्याच्या व्हेरिफिकेशनचा कागद आला. काय निघालं तर कलम २७९, म्हणजे निष्काळजीपणे गाडी चालवणं, वडिलांचा ट्रॅक्टर चालवताना कुणाच्या तरी गाडीला घासलेला, कोर्टात गुन्हा कबूल करून किरकोळ दंड भरलेला. बस एवढंच. फाईल माझ्याच टेबलावर होती म्हणून सांगतो, त्याच्या फॉर्मवर एकाखाली एक "नहीं" लिहिलेलं आणि दंडाच्या रकान्यात आधी "हाँ" चा ह काढलेला, मग तोच गिरवून गिरवून त्याचा "नहीं" केलेला, शाईचा नुसता गोळा. साहेबांनी त्या गोळ्यावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले याला माहिती होतं. विषय संपला. ट्रॅक्टर घासल्याबद्दल त्याला कुणी काढलं नसतं रे, लिहिलं असतं तर वर विचारणा गेली असती, उत्तर आलं असतं, थोडा उशीर झाला असता. तो गेला त्या शाईच्या गोळ्यामुळे.

आणि पोलीस पाटलांना काय जातंय, सही तुझी आहे. वडिलांना सांग कुणाला भेटून मिटवायच्या भानगडीत पडू नका, भरतीच्या नावानं पैसे घेणारे एजंट आमच्या वेळेपासून आहेत आणि त्यातला एक जरी पकडला तर त्याच्या डायरीत तुझं नाव सापडेल. तेव्हा मात्र ती बाईकची केस कुणी विचारणार पण नाही.

ॲड_मीनाक्षी

हवालदार काकांशी सहमत, पण यात कायद्याचे दोन-तीन धागे वेगळे आहेत ते वेगळे करून सांगते, कारण तू सगळं एकाच पोत्यात भरलंयस.

आधी चलनं. तू मोबाईलवर जी चलनं भरलीस ती मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची तडजोड असते. म्हणजे पोलीस म्हणतात एवढे भर, तू भरलेस, प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच नाही. हा कोर्टानं केलेला दंड नाही. पण जे चलन राहून गेलं, नोटीस आली आणि तू कोर्टात उभं राहून कबूल केलंस आणि दंड भरलास, तो कोर्टाचा दंड आहे. गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत दोषी ठरणंच. लोक म्हणतात "पैसे भरले, मिटलं". मिटलं हो, पण नोंद राहते. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांच्या पडताळणी फॉर्ममध्ये कोर्टानं कधी दंड केलाय का असा सरळ प्रश्न असतो आणि तुझ्या फॉर्मवर पण आहे म्हणतोस, मग त्या एका दंडाला "हो" लिहायचं आणि शेजारी कोर्टाचं नाव, केस नंबर, तारीख, कलम, रक्कम. पावतीची झेरॉक्स जोडायची. हेल्मेटसाठी कुणी सैनिक नाकारत नाही.

लोकअदालतीत भरलं असेल तर ती शिक्षा नसते, तडजोड असते, पण तिथेही मी एक ओळ लिहायलाच सांगते. एक ओळ जास्त झाल्यानं कुणाचं नुकसान झालेलं मी बघितलेलं नाही.

आता ती २०२२ ची केस. तेव्हा भारतीय दंड संहिताच होती, त्यामुळे २७९ म्हणजे निष्काळजीपणे गाडी चालवणं आणि दुखापतीचं ३३७ किंवा ३३८. आजोबांचं हाड मोडलं म्हणतोस, हाड मोडलं की ती कायद्यानं गंभीर दुखापत, म्हणून ३३८ असण्याची शक्यता जास्त. (१ जुलै २०२४ नंतरच्या केसमध्ये हेच नव्या भारतीय न्याय संहितेचं २८१ आणि १२५ होतं, जुने नवे आकडे बघून घाबरू नकोस.) या सगळ्यांची कमाल शिक्षा तीन वर्षांच्या पुढे जात नाही, म्हणून बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे हा "किरकोळ" वर्गातला अपराध. आणि किरकोळ अपराधात अठराच्या आतल्या मुलावर सहसा एफआयआर करायचाच नसतो, २०१६ च्या नियमांत आहे हे, नुसती पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत, म्हणजे स्टेशन डायरीत, नोंद घेऊन मुलाचा सामाजिक अहवाल मंडळाला द्यायचा. प्रत्यक्षात पोलीस स्टेशनला काय केलं होतं ते तुला बघावं लागेल. एफआयआर आहे का स्टेशन डायरीची नोंद आहे, हे कळल्याशिवाय पेन उचलू नकोस.

सगळ्यात महत्त्वाचं त्याच बाल न्याय कायद्याचं कलम २४. बाल न्याय मंडळानं ज्याचं प्रकरण हाताळलं त्या मुलाला शिक्षेमुळे येणारी कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत संपली की रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद आहे तो सोळा ते अठरा वयाच्या आणि निर्घृण गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चाललेल्या मुलांचा, तो तुझा नाही. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये रमेश बिष्णोई प्रकरणात, तो पण केंद्रीय सुरक्षा दलाचाच उमेदवार होता, लहान वयातली केस नोकरीच्या आड आणू नका असंच सांगितलं. अलाहाबाद हायकोर्टानं तर २०२१ मध्ये त्याच्या पुढे जाऊन म्हटलं की अल्पवयातल्या केसची माहिती उमेदवाराला विचारायचीच नसते.

मग लिहायचं का नाही? पुस्तकी उत्तर असं की नाही लिहिलंस तरी तू कायद्यानं बऱ्यापैकी सुरक्षित आहेस. माझं उत्तर असं की लिही. कारण कायद्यानं सुरक्षित असणं म्हणजे काय तर आधी तुला काढणार, मग तू हायकोर्टात जाणार, मग दोन-तीन वर्षांनी तू बरोबर होतास असा निकाल येणार. अग्निवीरची नोकरीच चार वर्षांची आहे.

बिनधास्त_बंड्या

ताई पण मग अकॅडमीचे सर म्हणतात लिहिलं की बाद त्याचं काय? ते पण रोज पोरं पाठवतात भरतीला, त्यांना अनुभव असेलच ना.

ॲड_मीनाक्षी

सरांना ग्राउंडचा अनुभव आहे, यात नाही. लिहिलं की आपोआप बाद असा नियम नाही. २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा तीन न्यायाधीशांचा निकाल आहे, नोकरीच्या पडताळणीत माहिती लपवणं या विषयावर आज सगळी कोर्टं तोच धरून चालतात. त्यात असं आहे की माहिती खरी द्या. खरी दिली आणि केस किरकोळ आहे तर मालकानं, म्हणजे इथे फौजेनं, सगळी परिस्थिती बघून ठरवायचं. केस चालू असेल आणि किरकोळ असेल तरी निकालाच्या अधीन राहून घेता येतं. लपवली असेल आणि ती क्षुल्लक असेल तर माफ करायची मुभा आहे, पण मुभा त्यांची, आपला हक्क नाही. आणि हे पण आहे की खरं सांगितलं तरी घेतलंच पाहिजे अशी सक्ती कोर्ट करत नाही, ही कडू बाजू लपवत नाही मी. पण बाईक, मनगट, वय सतरा, समज देऊन सोडलं, याचा कुणी शहाणा अधिकारी बाऊ करणार नाही.

अजून एक मुद्दा त्याच निकालात आहे तो उपयोगाचा. फॉर्ममधला प्रश्न स्पष्ट असला पाहिजे. मोघम प्रश्नावरनं तू लपवलंस असं म्हणता येत नाही. म्हणून प्रश्न जसा छापलाय तसा वाच. अटक झाली होती का? नव्हती, तर नाही. कोर्टानं दंड केला का? केला, हो. खटला चालला का? इथे "अल्पवयीन असताना बाल न्याय मंडळापुढे चौकशी, अमुक तारखेचा आदेश, कलम २४ प्रमाणे अपात्रता नाही" एवढं लिही. जागा कमी असेल तर "सोबत जोडलेला कागद पहावा" लिहून वेगळ्या कागदावर. रडगाणं लिहू नकोस, आजोबा आडवे आले का तू जोरात होतास ते तिथे कुणाला नकोय.

कोरेगावचा_रनर

ताई, काका खूप खूप आभार, अर्धं डोकं हलकं झालं. वडिलांना दोन्ही उत्तरं वाचून दाखवली, कलम ४४ वर ते गप्पच झाले. आज सकाळी पोलीस स्टेशनला जाऊन आलो. तिथल्या हवालदारांनी चांगलं सहकार्य केलं, जुनं बघून सांगितलं की एफआयआर नाही, स्टेशन डायरीला नोंद आहे आणि अहवाल मंडळाला पाठवलेला. आता मंडळाच्या ऑर्डरची कॉपी कशी काढायची? आणि रेकॉर्ड नष्ट केलं असेल तर कॉपी मिळणारच नाही ना, मग जोडू काय?

अजून एक, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणि सरपंचांचा दाखला दोन्ही लागतात का? सरपंच आमच्या विरुद्ध पार्टीचे आहेत.

निवृत्त_हवालदार_क्लर्क

सरपंचांचा दाखला लागतो, फोटोसकट आणि सहा महिन्यांच्या आतला. विरुद्ध पार्टीचे असले तरी फौजेच्या पोराला दाखला नाकारला तर पुढच्या निवडणुकीत त्यांचंच अवघड होईल, साताऱ्यात तरी. पेढे घेऊन जा. पोलिसांचं वेगळं काढ, ऑनलाईन अर्ज होतो. भरती रॅलीच्या जाहिरातीत जी यादी दिली आहे तीच खरी, अकॅडमीच्या व्हॉट्सॲपवर फिरते ती नको. आणि हे लक्षात ठेव, तू हातात नेतोस ते प्रमाणपत्र एक आणि फौज स्वतः जिल्ह्याकडनं मागवते ती पडताळणी दुसरी. पहिलं स्वच्छ आलं म्हणून फॉर्मवर "नाही" ठोकून देणारी बरीच पोरं बघितलीत मी.

ॲड_मीनाक्षी

मंडळाच्या कार्यालयात नकलेचा अर्ज दे, तुझं नाव, वडिलांचं नाव, साल, पोलीस स्टेशन एवढं पुरतं. वडिलांना घेऊन जा. रेकॉर्ड नष्ट केलं असेल तर तेच लेखी माग, "सदर प्रकरणाचे अभिलेख नियमानुसार नष्ट केले आहेत" असं एका ओळीचं पत्र. ते ऑर्डरइतकंच चालेल. ते पण उशिरा मिळणार असेल तर नकलेच्या अर्जाची पोच जोड आणि फॉर्ममध्ये लिही की नक्कल मागितली आहे, मिळताच सादर करतो. पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नकोस, बाबा.

जर्सीकर

हा धागा वाचून राहवलं नाही. आम्ही न्यू जर्सीत. बहिणीचा मुलगा इथेच जन्मलेला, अमेरिकन नेव्हीत गेला, त्याची अशीच रामकहाणी झाली म्हणून लिहितोय, तुलना म्हणून बघा.

इकडे सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायच्या परवानगीसाठी, एसएफ ८६ नावाचा फॉर्म असतो, शंभरावर पानांचं बाड आहे ते, आता ऑनलाईन भरतात. त्यात सेक्शन २२ पोलीस रेकॉर्डचा. गंमत म्हणजे तिथे साध्या ट्रॅफिक तिकिटांना सरळ सूट आहे, मागच्या सात वर्षांतलं तिकीट ३०० डॉलरपेक्षा कमी दंडाचं असेल आणि त्यात दारू किंवा ड्रग्ज नसेल तर लिहायचंच नाही. म्हणजे स्पीडिंगवाल्या जनतेला घाबरायचं कारण नाही. पण दारू किंवा ड्रग्जचा संबंध असलेला आरोप आयुष्यात कधीही झाला असेल तरी लिहायचा, तिथे सात वर्षांची मर्यादा नाही.

आमच्या भाच्याला कॉलेजात असताना दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलं होतं. न्यू जर्सीत हा फौजदारी गुन्हा धरत नाहीत, ट्रॅफिकचाच अपराध धरतात. त्यामुळे तो आणि त्याचा एक मित्र घरी बसून वकिली करत होते की गुन्हाच नाही तर लिहायचं कशाला. मी म्हटलं प्रश्न वाच बाबा, प्रश्नात गुन्हा का अपराध असं काही नाही, दारू होती का एवढंच विचारलंय. आणि तुमच्याकडे लहान मुलांचं रेकॉर्ड नष्ट करतात ना, इकडे हा फॉर्म चक्क म्हणतो की कोर्टानं रेकॉर्ड सील केलेलं असो की पुसून टाकलेलं असो, तरीही लिहा. थोडे अपवाद आहेत, पण नियम हाच. भारतातलं उलट आहे हे वाचून मला जरा बरंच वाटलं.

शेवटी त्यानं लिहिलं. मग तपास करणारा माणूस आला, त्याच्याशी बोलला, शेजाऱ्यांशी बोलला, मला पण फोन, मुलगा अजून पितो का, किती पितो, पैशाचं उधार वगैरे आहे का. इकडे तेरा मुद्द्यांची एक यादी आहे त्यावर सगळं तोलतात, दारू एक मुद्दा, गुन्हेगारी वर्तन एक आणि फॉर्ममध्ये खोटं बोलणं हा स्वतंत्र मुद्दा. एक चूक आणि त्यानंतर काही वर्षं नीट वागणं असेल तर ती धुऊन निघते. भाच्याला सीक्रेट लेव्हलचा क्लिअरन्स मिळाला, उशिरा मिळाला पण मिळाला. त्याच्या बॅचमधल्या एकाचा अडकला तो न भरलेल्या तिकिटांमुळे, कोर्टात गेलाच नाही म्हणून नावावर वॉरंट निघालेलं आणि त्याला पत्ताच नाही. म्हणून रनर, तुझी राहिलेली चलनं असतील तर आधी भरून टाक.

फोंड्याचो_बाब

नमस्कार. मी गोव्यातला, नेव्हीच्या भरतीची तयारी करतोय. जर्सीकर काकांनी दारूचं काढलं म्हणून विचारतो. गेल्या वर्षी लग्नावरून येताना पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा थोडासाच वर होता, दोन बियर. कोर्टात दंड भरला. हे पण किरकोळच ना?

ॲड_मीनाक्षी

नाही, हे त्या हेल्मेटच्या रांगेत बसत नाही. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, त्याच्या वर गेलास की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत झालं तर दोन वर्षांपर्यंत आणि पंधरा हजारांपर्यंत. कलम २०० च्या तडजोडीच्या यादीत १८५ नाहीच, म्हणूनच तुला कोर्टात जावं लागलं. वय तेव्हा अठराच्या वर, म्हणजे कलम २४ चं छत्र तुला नाही. लिहायचं, निकालाची नक्कल जोडायची, लायसन निलंबित झालं होतं का ते पण लिहायचं. मिळेल का नाही हे मी सांगू शकत नाही, सांगणारा भेटला तर त्याच्यापासून लांब रहा. पण लपवलंस तर हवालदार काकांचा तो शाईचा गोळा आठव.

फोंड्याचो_बाब

देव बरें करूं ताई. लिहितो.

निवृत्त_हवालदार_क्लर्क

फोंडेकर, एक सांगू का, मुलाखतीत किंवा साहेबांसमोर कुणी विचारलं तर "दोन बियर" म्हणू नकोस. मशीनवर जो आकडा आला तो सांग. फौजेत सगळेच दोन बियर पितात, कुणालाच तिसरी आठवत नाही.

कोरेगावचा_रनर

मंडळी अपडेट. मंडळाच्या ऑफिसात नकलेचा अर्ज दिला, पोच घेतली, क्लर्क मॅडम म्हणाल्या ऑर्डर अजून आहे, फाईल काढून ठेवते. चलनांच्या साईटवर गाडी नंबर टाकून बघितला तर मामाच्या नावावर अजून तीन निघाली, पुण्याची, मी तर पुण्याला बाईक नेलीच नाही कधी. मामाला फोन केला तर आधी म्हणाला माहीत नाही मग म्हणाला बघू. ती माझ्या फॉर्ममध्ये लिहायची गरज नाही ना?

ॲड_मीनाक्षी

गाडी मामाची, चालक मामा, चलन मामाचं. तुझ्या फॉर्मचा काही संबंध नाही. मामाला भरायला मात्र लाव.

बिनधास्त_बंड्या

मामा पुण्यात कुठं फिरत होता ते मामीला कळू देऊ नको फक्त 😂 आणि भावा, मी पण बघितला माझा नंबर आत्ता. सात निघाली.